उत्तरेकडचे सोयरे आणि मधला सातपुडा

वाशिम जिल्ह्यातल्या माणसाला सोयरे कुठे कुठे आहेत, असं विचारलं तर अकोला, पुसद, हिंगोली, मेहकर, फार तर पुणे ही नावं पहिल्यांदा येतात. पण त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची नाती सातपुड्यापलीकडे गेलेली आहेत, आणि ती काही कालपरवाची नाहीत. कारंजा लाडमधल्या बघेरवाल जैनांचं मूळ गाव राजस्थानातलं बघेरा मानलं जातं. वाशिम, रिसोड, मंगरुळपीरच्या बाजारपेठेतल्या मारवाडी दुकानदारांची लग्नं अजूनही राजस्थानाशी जमतात. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे आणि आसपासच्या तांड्यांवरचे बंजारे आपलं मूळ मारवाडात सांगतात. अजमेरच्या उरुसाला जाणारी मुस्लिम कुटुंबं आहेत. शिवाय एक पाचवं नातं आहे, ते राज्यकारभारातून आलेलं. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं होतं, आणि १९५६ पर्यंत वाशिमचा माणूस ज्या राज्यात राहत होता त्याची राजधानी नागपूर असली तरी जबलपूर, खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा ही सगळी त्याच राज्यातली गावं होती. मास्तर, तलाठी, पोस्टमन, वनखात्यातले कारकून यांच्या बदल्या तिकडे व्हायच्या, मुली तिकडे दिल्या जायच्या. राज्याची हद्द नंतर सातपुड्यावर आली, दिलेल्या मुली तिकडेच राहिल्या.

अशा कुटुंबांनी उत्तरेकडच्या सोयऱ्यांकडे जायचं कसं, हा या लेखाचा विषय. हल्ली त्याचं उत्तर एका शब्दात मिळतं: कारने. रस्ते झाले, गाड्या आल्या, पोरं गाडी चालवायला शिकली. उन्हाळ्यात किंवा दिवाळीनंतर सोयाबीन घरी आल्यावर सगळं घर गाडीत बसतं आणि निघतं. ही सोय खरीच मोठी आहे आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. नातं टिकायला जी ये-जा लागते ती कोणाला परवडते, हे रस्ता ठरवतो की रेल्वे, यावर पुढच्या पिढीत किती घरांची उत्तरेकडची सोयरीक शिल्लक राहील ते अवलंबून आहे. माझं म्हणणं असं की वाशिमच्या बाबतीत चांगल्या रस्त्याने चांगल्या रेल्वेची उणीव झाकली गेली, भरून निघालेली नाही.

आधी गेलेली रेल्वे पाहू. पूर्णा, हिंगोली, वाशिम, अकोला, खंडवा ही मीटरगेज लाइन दक्षिण आणि उत्तर हिंदुस्थानला जोडणारा एक बारीक पण सरळ धागा होती. खंडव्यापुढे ती होळकर संस्थानाच्या जुन्या रेल्वेला मिळायची, नर्मदा ओलांडून महू, इंदूर, रतलाम, चित्तोड, अजमेर, जयपूर असा तिचा प्रवास. हैदराबादच्या काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने धावायची. वाशिम स्टेशनवर बसलेला माणूस गाडी न बदलता अजमेरला उतरू शकत होता, ही गोष्ट आज सांगितली तर नव्या पिढीला खरी वाटत नाही. गाडी वेगवान नव्हती. सातपुड्यात तर ती चालते की थांबलीय असा प्रश्न पडावा अशी. मेळघाटात धुळघाटजवळ चढ कापण्यासाठी रूळ असा वळवला होता की गाडी एक पूर्ण फेरा मारून आपल्याच खालच्या रुळावरून पुलाने पुढे जायची. डब्यातून वाकून पाहिलं तर थोड्या वेळापूर्वी आपण जिथून आलो तो रूळ खाली दिसायचा. मुलांना त्याची गंमत आणि मोठ्यांना घामाघूम करणारा उशीर. पण तिकीट स्वस्त, जनरलचा डबा कायम जोडलेला, आणि मुख्य म्हणजे मधे कुठे सामान उतरवून दुसरीकडे पळायचं काम नाही. साठीतल्या बाईला एकटीने माहेरी जाता येणं म्हणजे काय, याचं मोजमाप वेगात होत नाही.

हा धागा एकदम तुटला नाही, तुकड्यातुकड्याने तुटला. राजस्थान आणि माळव्याकडचे पट्टे आधी ब्रॉडगेज होत गेले, मग इकडे पूर्णा ते अकोला बदलला, आणि २००८ मध्ये वाशिमला मोठ्या रुळाची गाडी आली. गावात आनंद झाला आणि तो रास्त होता. मुंबई आणि नागपूरच्या मुख्य लाइनीशी वाशिम आता एकाच रुळाने जोडलं गेलं. मात्र मधला अकोला ते खंडवा हा सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा तुकडा मीटरगेजच राहिला. २०१७ च्या सुरुवातीला तोही रूपांतरासाठी बंद झाला. अकोला ते अकोट एवढं काम झालं, अकोटपुढे घोडं अडलं. अडलं ते मेळघाटमुळे, त्याकडे पुढे येऊच.

आता रस्ता. इथे कौतुक हातचं राखून करण्यात अर्थ नाही. अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ चारपदरी झाल्यावर वाशिमहून अकोला गाठणं म्हणजे पूर्वीच्या खड्ड्यांच्या मानाने काहीच नाही. समृद्धी महामार्ग तर जिल्ह्यातूनच जातो. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या तीन ठिकाणी त्यावर चढता येतं. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये. दिल्ली, पंजाब, जम्मूकडे जायचं असेल तर कारंज्याहून समृद्धीने नागपूर गाठायचं आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरायचा: सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, जालंधर, जम्मू. हा मार्ग पुढे थेट श्रीनगरपर्यंत जातो. राजस्थानकडे जाणारे अकोल्याहून खामगाव, मलकापूर करत बुऱ्हाणपूर गाठतात, आणि असीरगडाच्या पायथ्याने खंडवा, इंदूर धरतात. दख्खनमध्ये उतरणाऱ्या आणि दख्खनमधून उत्तरेला जाणाऱ्या कितीतरी फौजांनी वापरलेली वाट ती हीच. असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणायचे ते उगीच नव्हे.

या वाटेवर गाडी चालवणाऱ्याला सातपुडा आणि विंध्य दोन्ही भेटतात आणि दोघेही आपापलं शुल्क घेतात. बुऱ्हाणपूर सोडलं की असीरगडाचा घाट. पुढे मोरटक्क्याला नर्मदेवरचा जुना पूल, जो पावसाळ्यात नर्मदा चढली की बंद होतो आणि मग ओंकारेश्वरच्या बाजूला ट्रकांच्या रांगा लागतात. त्यानंतर बडवाह ओलांडून इंदूरच्या अलीकडचा भेरूघाट, अपघातांसाठी कुप्रसिद्ध. या पट्ट्यात चारपदरीकरण आणि बोगद्यांची कामं सुरू आहेत, तोवर वळणावर समोरून काय येईल याचा भरवसा नाही. एवढं असूनही कुटुंबं या रस्त्याला पसंती देतात, आणि त्याचं कारण मला अगदी समजतं. गाडीच्या डिकीत तुरीच्या डाळीचं पोतं, लोणच्याची बरणी, कुरडया-पापडांचे डबे, आजोबांची ऑक्सिमीटरची पेटी आणि नातवाचं पांघरूण असं सगळं एकदम मावतं. दशम्या आणि ठेचा कुठेही थांबून खाता येतो. लघवीचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हवं तेव्हा थांबता येणं ही चैन नाही, गरज आहे. रेल्वेचे समर्थक हे सोयीने विसरतात.

मग तक्रार कशाची? हिशोब मांडला की ती दिसते. वाशिम ते अजमेर रस्त्याने नऊशे किलोमीटरच्या पुढे जातं. साधी पेट्रोल कार लिटरला पंधरा किलोमीटर देते असं धरलं, पेट्रोल शंभरच्या पुढे, तर एका बाजूचं नुसतं इंधन साडेसहा हजारांच्या आसपास, जाऊन-येऊन तेरा हजार. त्यात टोल, एका रात्रीचा मुक्काम, वाटेतला चहा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात बहुतेक वेळा त्याहून कमी मिळत होता. म्हणजे सोयऱ्यांकडची एक फेरी इंधनातच जवळजवळ पावणेतीन क्विंटल सोयाबीन खाते. कोरडवाहू एकराचं उत्पन्न ज्याला ठाऊक आहे त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. रेल्वेने शयनयानाचं तिकीट याच अंतराला माणशी पाचशेच्या घरात येतं, जनरलचं त्याच्या जवळपास निम्मं. पाच जणांचं कुटुंब शयनयानाने अडीच हजारांत पोचतं. आणि कारचा हा सगळा हिशोब स्वतःची गाडी दारात उभी आहे असं धरून. वाशिम हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतलेला जिल्हा आहे. इथल्या बहुसंख्य घरांत चारचाकी नाही, असली तर मोटारसायकल आहे, आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. जिल्ह्याच्या शेतांमधून गेलेल्या रस्त्यावर जिल्ह्यातल्या बहुतेकांचं वाहन चढूच शकत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने बंदी बरोबरच आहे, एकशेवीसच्या वेगात मोटारसायकल घालणं आत्महत्याच होईल. पण या बंदीचा अर्थ काय होतो तो मांडून ठेवायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ज्याच्याकडे कार नाही त्याला एसटी आहे. आहे, आणि महाराष्ट्रात ती आता अधिकच स्वस्त आहे: मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. पण सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. आणि सीमेपलीकडे तिकडच्या राज्याची एसटीच नाही, कारण मध्य प्रदेशाने आपलं राज्य परिवहन महामंडळ २००५ च्या सुमारास गुंडाळायला घेतलं. तिथून पुढे खासगी बस. रात्रीच्या खासगी बसबद्दल बोलायचं तर समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला बस पेटून २५ माणसं गेली, ती घटना वऱ्हाडात कोणी विसरलेलं नाही. एका अपघातावरून सगळ्या बसना दोषी ठरवणं बरोबर नव्हे. तरी घरातल्या म्हातारीला एकटीने रात्रीच्या स्लीपर बसमध्ये बसवून द्यायला कोणता मुलगा मनापासून तयार होतो?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. रेल्वे कुठे गेली आहे, ती आहेच, असं म्हणणारे म्हणतात. खरं आहे. नांदेड-श्रीगंगानगर, हैदराबाद-जयपूर अशा गाड्या आजही वाशिमवरून जातात. पण त्या आठवड्यातले मोजके दिवस, आणि अकोल्याहून थेट खंडव्याकडे न वळता पश्चिमेला भुसावळपर्यंत जाऊन तिथून पुन्हा ईशान्येकडे चढतात. अकोला-भुसावळ-खंडवा हे अंतर सुमारे २६० किलोमीटर, तर जुना थेट मार्ग पावणेदोनशेच्या आसपास. फेरा तर आहेच, त्याहून मोठी अडचण वेगळी. मुंबई-हावडा लाइन ही देशातल्या सगळ्यात गर्दीच्या लाइनींपैकी एक. तिच्यावर नव्या गाडीला जागा मिळवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत शेवटच्या क्षणी पाट मागण्यासारखं. म्हणून गाड्या वाढत नाहीत, आणि ज्या आहेत त्यांचं आरक्षण सुट्ट्यांत लगेच संपतं. मग उरतं अकोल्याला उतरून दुसरी गाडी धरणं. कागदावर यात काही अवघड नाही. पण ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर फाटे-लाइनी बंद करताना असंच गृहीत धरलं होतं की माणसं मोटारीने किंवा बसने मुख्य स्टेशनापर्यंत येतील आणि पुढे रेल्वेच वापरतील. घडलं असं की एकदा मोटारीत बसलेली माणसं पूर्ण प्रवास मोटारीनेच करू लागली, आणि ज्यांच्याकडे मोटार नव्हती त्यातल्या बऱ्याच जणांचं जाणंच कमी झालं. वाशिममध्ये आज नेमकं तेच दिसतं. ज्यांना जमतं ते कार काढतात. ज्यांना जमत नाही ते लग्नपत्रिका आली की दोन माणसांना पाठवतात, बाकीचे घरी.

तिसरा आक्षेप मेळघाटचा, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. जुनी लाइन त्यातून जवळपास चाळीस किलोमीटर जायची. मीटरगेजच्या दिवसातून मोजक्या, संथ गाड्या आणि ब्रॉडगेजच्या जड, वेगवान, रात्रंदिवस चालणाऱ्या गाड्या यांची वाघांच्या दृष्टीने काही तुलनाच नाही. त्यामुळे जुन्याच मार्गावर रुंद रूळ टाकण्याला वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला, तो वऱ्हाडातल्या अनेकांना तेव्हा खटकला. 'वाघांना रस्ता आणि माणसांना नाही' असं बोललं गेलं. मला तो विरोध योग्य वाटतो. नागपूर-सिवनी मार्गावर पेंचच्या जंगलात महामार्ग रुंद करताना वन्यप्राण्यांसाठी नऊ भुयारी आणि पुलाखालच्या वाटा बांधाव्या लागल्या, आणि त्यातून वाघांसह कितीतरी प्राणी जाताना भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत दिसले. म्हणजे उपाय करता येतात, मान्य. पण पेंचमध्ये महामार्गाला पर्याय सहज नव्हता. मेळघाटला तो होता. मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरे यांनी २०२१ मध्ये मार्ग बदलण्याची मागणी केंद्राकडे केली, आणि पुढे अकोटहून बुलडाणा जिल्ह्यातून, जळगाव जामोदच्या बाजूने सातपुडा ओलांडण्याचा पर्याय स्वीकारला गेला. त्याने अंतर तीसेक किलोमीटरने वाढतं, तरीही ते भुसावळच्या फेऱ्यापेक्षा कमीच राहतं. शिवाय संग्रामपूर, जळगाव जामोद या ज्या तालुक्यांनी कधी रेल्वे पाहिली नाही त्यांना ती मिळते. वाघही वाचतो आणि सोयराही भेटतो, असा हा थोड्या निर्णयांपैकी एक. दुखणं एवढंच की यात गेलेली वर्षं वादापेक्षा फायलीत जास्त गेली. २०१७ ला शाळेत असलेली पोरं आता गाडी चालवून अजमेरला जातात. रेल्वेने उत्तरेकडे जाण्याची सवयच त्यांना नाही.

शेवटचा आक्षेप हल्ली हमखास येतो: आता व्हिडिओ कॉल आहे, नातं टिकवायला प्रवासच कशाला? जे रोज बोलतात त्यांच्यासाठी तो कॉल पुरतोही. पण वाशिम आणि बघेरा यांच्यातली नाती एकमेकांना रोज फोन करून तयार झाली नव्हती. ती लग्नांतून, पाहुणपणातून, उन्हाळ्यात महिनाभर येऊन राहिलेल्या भाचरांमधून तयार झाली. मुलगी दाखवायला यावं लागतं, घर पाहावं लागतं, मामाकडे राहून आलेल्या मुलाला पुढे तिकडे नोकरी शोधावीशी वाटते. शेजारच्या जिल्ह्यात सोयरीक जुळवणं सोपं आणि स्वस्त असेल तर आईबाप तिकडेच वळतात. सातपुड्यापलीकडची नाती अशीच विरळ होत जातात, कोणी तोडत नाही. पोहरादेवीचं उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखं आहे. सेवालाल महाराजांच्या समाधीला रामनवमीला देशभरातून बंजारे येतात. तेलंगणा, कर्नाटक, आंध्रातून मोठ्या संख्येने. दक्षिणेकडून नांदेड, हिंगोलीमार्गे वाशिमपर्यंत रूळ आणि एसटी दोन्ही आहेत. राजस्थानातून, म्हणजे ज्याला हा समाज आपली मूळ भूमी म्हणतो तिथून येणाऱ्याला तेवढी सरळ वाट नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं, आणि वारसा जपण्याबद्दल खूप बोललं गेलं. त्या वारशात बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून बायकापोरांसह शेकडो कोस जाणाऱ्या तांड्यांचा भाग सगळ्यात मोठा. ज्या रेल्वेने त्यांची लदेणी मोडली तीच आज त्यांना मारवाडाकडे स्वस्तात नेऊ शकेल, यातला विरोधाभास इतिहासाला नवीन नाही.

तेव्हा कार घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला कोणी दोष देऊ नये. त्यांनी एवढंच करावं की भेरूघाट दिवसा ओलांडावा, समृद्धीवर दर दोन तासांनी थांबावं, आणि पावसाळ्यात निघण्याआधी मोरटक्क्याचा पूल सुरू आहे का ते विचारून घ्यावं. मागणी रेल्वेकडे आहे, आणि ती नुसती रूळ पूर्ण करण्याची नाही. नवा मार्ग झाल्यावर त्यावरून फक्त मालगाड्या आणि दोन वातानुकूलित साप्ताहिक गाड्या धावल्या तर भुसावळचा फेरा वाचेल, पण वाशिमच्या जनरल डब्यातल्या माणसाला काहीच मिळणार नाही. मुख्य लाइन मोकळी करण्यासाठी मालवाहतूक इकडे वळवण्याचा मोह रेल्वेला होणारच, आणि त्यात तिचा फायदाही आहे. म्हणून पूर्णा किंवा नांदेडहून वाशिम, अकोला, खंडवामार्गे इंदूरपर्यंत दिवसा धावणारी, चार-पाच जनरल डबे असलेली रोजची एक गाडी वेळापत्रकात आधीच मागून घ्यायला हवी. लोकप्रतिनिधी थांब्यांसाठी निवेदनं देतात, ती द्यावीतच. पण डबे कोणते जोडणार आणि गाडी रोज असणार की आठवड्याने, हे प्रश्न सहसा उद्घाटनानंतर विचारले जातात, आणि तोवर वेळापत्रक छापून झालेलं असतं.